तांड्याचा नाईक आणि विलायती जहागीरदार

विषय तसा लांबचा वाटेल, पण दहा मिनिटांत तो वसमतला येऊन पोचेल.

इंग्लंडात 'कंट्री जंटलमन' नावाचा एक माणूस असतो, किंवा असायचा. मराठीत त्याला चपखल शब्द नाही. जहागीरदार म्हणावं तर तो सनद दाखवत नाही, पाटील म्हणावं तर तो स्वतः वसूल गोळा करत नाही, देशमुख जवळचा आहे पण तोही पुरता बसत नाही. हा माणूस गावाकडच्या मोठ्या वाड्यात राहतो, जमीन कुळांना खंडानं देतो, घोडा आणि शिकारी कुत्री बाळगतो, बिनपगारी मॅजिस्ट्रेट म्हणून गावच्या चोरांना शिक्षा देतो, आणि वेळ आली की पार्लमेंटात जाऊन बसतो. तिथं गेल्यावर मात्र तो सारखा म्हणतो की मला यातलं काही नको, मला माझ्या शेतावर जाऊ द्या. आणि वीस-वीस वर्षं जात नाही!

या माणसाच्या चरित्राचा इंग्रजीत एक ठरलेला साचा तयार झाला. रॉबर्ट वॉलपोल घ्या. १७२१ ते १७४२ एवढा काळ त्यानं इंग्लंडचा कारभार हाकला. त्याच्याविषयी सांगतात की टपाल आलं की सरकारी कागद बाजूला ठेवून तो आधी आपल्या शिकारखान्याच्या राखणदाराचं पत्र फोडायचा. लॉर्ड अल्थॉर्प घ्या. १८३२ चा निवडणूक सुधारणेचा मोठा कायदा कॉमन्स सभागृहातून पार नेणारा हा पुढारी, पण जीव सगळा बैलांत आणि वळूंच्या पैदाशीत. पुढे इंग्लंडच्या शाही कृषी संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. एडवर्ड ग्रे घ्या. १९०५ ते १९१६ सलग परराष्ट्रमंत्री, पहिलं महायुद्ध याच्याच काळात लागलं, आणि माणूस पुस्तकं लिहितो मासे धरण्यावर आणि पाखरांच्या आवाजावर. चरित्रकाराला हे फार आवडतं. सत्ता हातात असून मन मातीत, असं एकदा दाखवलं की अर्धं काम झालं. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाला स्वार्थ कसला असणार, याचं तर चित्त पाखरांत आहे.

आता या साच्यात एक गोष्ट हमखास येत नाही. ती म्हणजे तो खंड. वाडा आला, बाग आली, कुत्र्यांची नावंसुद्धा आली, पण वाड्याचा खर्च कुणाच्या घामावर चालतो हे एका वाक्यात उरकतात. त्याच काळात इंग्लंडच्या पार्लमेंटनं हजारो कायदे करून गावोगावची सामाईक जमीन, म्हणजे आपल्या भाषेत गायरान, कुंपण घालून खाजगी करून दिली. हे कायदे कोण करत होतं? हेच जंटलमन. कुणाच्या फायद्याचे? ते सांगायला इंग्रजी यायची गरज नाही. ज्या म्हातारीची एक गाय त्या गायरानावर चरायची, ती कुणाच्याच चरित्रात नाही.

वॉलपोलचा एक मेव्हणा होता, चार्ल्स टाउनशेंड. दोघं एकाच जिल्ह्यातले, नॉरफोकचे, दोघं मंत्री. पुढे बिनसलं. १७३० साली टाउनशेंडनं राजीनामा दिला आणि गावी जाऊन सलगम लावायला लागला. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर नावाचा चारा, अशी चार पिकांची पाळी. त्यामुळे जमीन पडीक ठेवावी लागत नाही आणि हिवाळ्यात जनावरांना वैरण मिळते. लोकांनी त्याचं नावच 'सलगम टाउनशेंड' पाडलं. शाळेच्या पुस्तकात इंग्लंडची शेतीक्रांती म्हणजे हा माणूस. नंतरच्या इतिहासकारांनी कागद तपासले तर निघालं असं, की नॉरफोकचे शेतकरी त्याच्या आधीपासून सलगम लावत होते. त्यानं ते वाढवलं, मिरवलं, प्रतिष्ठा दिली. हेही काम लहान नाही. पण पीक शेतकऱ्याचं आणि नाव मंत्र्याचं, असं झालं खरं.

हे डोक्यात ठेवा आणि आता पैनगंगेच्या पलीकडे चला. पुसद तालुका, गहुली गाव. १ जुलै १९१३ ला तिथे वसंतराव फुलसिंग नाईक जन्मले. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षं आणि वर दोन महिने, ते सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे: कोट, पॉलिश केलेले बूट, तोंडात नाहीतर हातात पाइप, चेहऱ्यावर घाई नाही. भारतातल्या मुख्यमंत्र्यांत कंट्री जंटलमन शोधायचा म्हटला तर आमच्या मते यांच्याहून नेमका सापडणार नाही. मोठं शेतकरी घराणं, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, वकिलीची पदवी, अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली थोडी उमेदवारी, मग पुसदला वकिली, १९४६ ला पुसदचं नगराध्यक्षपद, आणि तिथून वर. मुंबईच्या ज्या बंगल्यात ते कृषिमंत्री असल्यापासून राहिले त्याचं नाव 'वर्षा'. मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी घर बदललं नाही, म्हणून तोच मुख्यमंत्र्यांचा बंगला ठरला. बंगल्याच्या आवारात ते पिकं लावून बघायचे. हे सगळं अगदी त्या इंग्रजी साच्यातलंच.

दर वर्षी १ जुलैला राज्यात कृषी दिन होतो आणि भाषणं होतात, विशेषांक निघतात. ते वाचताना आम्हाला जे खटकतं ते सांगण्यासाठी आज हा विषय घेतला. लिहिणाऱ्यानं नकळत तो विलायती साचा उचललेला असतो. मातीत रमणारा मुख्यमंत्री, अजातशत्रू, शांत, दिलदार, हरितक्रांतीचा प्रणेता. विशेषणांची माळ. आणि जी गोष्ट या माणसाला त्या इंग्रजापासून मुळातच वेगळी करते ती एक तर पहिल्या पानावर गौरवानं सांगून सोडून देतात, नाहीतर सांगतच नाहीत.

ती गोष्ट अशी. टाउनशेंडच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या जमीन होती. नाईकांचं घराणं बंजारा. आपल्या सेनगाव, औंढा, कळमनुरी भागात तांडे आहेत, तुम्हाला सांगायला नको. हा समाज शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर नेत होता. फौजांना रसद पुरवत होता. रेल्वे आली, पक्क्या सडका आल्या आणि धंदा बसला. मग इंग्रजी अमलात अनेक ठिकाणी या लोकांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, जन्मालाच गुन्हा. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. आणि त्याच १९५२ साली वसंतराव जुन्या मध्य प्रदेश सरकारात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 'नाईक' हे आडनावसुद्धा मुळात तांड्याच्या प्रमुखाचं पद आहे. वसलेला तांडा, तोडलेलं रान, दोन पिढ्यांत उभी केलेली शेती: हे जहागिरीचं वैभव नव्हे.

म्हणून पाइपकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेनं बघतो. कुणी त्याला साहेबी थाट म्हणून नाकं मुरडली, कुणी कौतुक केलं. पण ज्या समाजाला कालपर्यंत ठाण्यात हजेरी लावावी लागत होती, त्यातला माणूस सचिवालयात आयसीएस अधिकाऱ्यांसमोर कसा बसतो, याला महत्त्व आहे. एडवर्ड ग्रेला स्वतःला सिद्ध करायचं नव्हतं, यांना होतं. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातल्या, ब्राह्मण कुटुंबातल्या वत्सलाबाईंशी लग्न केलं. त्या काळात दोन्हीकडून काय सोसावं लागलं असेल याची कल्पना करा. आमचं म्हणणं एवढंच, की त्यांच्या शांतपणामागे ताण होता, आणि चरित्रकारानं तो ताण शोधावा. 'अजातशत्रू' म्हटलं की शोध संपतो.

आता कामाकडे येऊ. तीन कामांपुरतंच बोलतो, कारण ती तिन्ही आपल्या दारात आलेली आहेत.

पहिलं काम जिल्हा परिषद. १९६० साली सरकारनं वसंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६१ च्या मार्चात अहवाल आला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. समितीनं एक मोठी गोष्ट केली: कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. जिल्ह्याचा मालक तो आणि लोकांनी निवडलेले अध्यक्ष त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेत, असं चित्र नको होतं. इंग्लंडशी ताडून बघा. तिथं हे जंटलमन बिनपगारी मॅजिस्ट्रेट म्हणून वर्षातून चार वेळा कोर्ट भरवायचे आणि त्याच कोर्टात रस्ते, पूल, तुरुंग, जिल्ह्याचा कर सगळं ठरवायचे. निवडणूक नाही, हिशेब नाही. १८८८ साली निवडून आलेल्या कौंटी कौन्सिलांकडे हा कारभार गेला. म्हणजे तिथं जंटलमनच्या हातून जे काढून घ्यावं लागलं, ते इथं एका जमीनदार मंत्र्यानं स्वतःच्या अहवालात लिहून दिलं. हे श्रेय आम्ही मोकळेपणानं देतो.

पण अहवाल लिहिणं एक आणि गावात घडणं वेगळं. जिल्हा परिषदेवर निवडून कोण आलं? ज्याच्याकडे जमीन होती तो. सोसायटीचा चेअरमन तो, बाजार समितीत तो, पुढे साखर कारखान्याच्या संचालक मंडळावरही तो. कलेक्टर बाहेर गेला आणि खुर्ची रिकामी झाली, ती कुणी भरली हे वसमत तालुक्याला माहीत आहे. विलायतेत जंटलमन गेला आणि कौन्सिल आली. आपल्याकडे कौन्सिल आली आणि तिनं तालुक्या-तालुक्यात जंटलमन तयार केले. घोडा नव्हता, जीप होती, एवढाच फरक.

दुसरं काम हायब्रीड. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. १९६५ मध्ये पुण्याला शनिवारवाड्यावर वसंतरावांनी जाहीर सांगितलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. हे वाक्य प्रत्येक विशेषांकात आहे. पुढे काय झालं ते मात्र बहुतेक ठिकाणी नाही. सात वर्षांनी, दुष्काळात, याच राज्यातली माणसं रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो घेऊन खात होती.

आम्ही याचा आरोप म्हणून उल्लेख करत नाही. पाऊस मुख्यमंत्र्याच्या हातात नसतो. पण बियाणं आणि पाणी या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्यांच्या कारकिर्दीची खरी अडचण इथं दिसते. बियाण्यावर त्यांची श्रद्धा होती. शेतावर जाऊन कणसाला हात लावणारा मुख्यमंत्री म्हणून लोकांचा विश्वास बसला आणि शेतकऱ्यानं हायब्रीड पेरलं. उतारा वाढला, हे खरं. पण ते लवकर निसवायचं, ऐन पावसात दाणा भरायचा आणि काळा पडायचा. भाकरीला चव नाही, ताट बुटकं म्हणून कडबा कमी, आणि कडबा कमी म्हणजे बैल उपाशी. मुंबईत एकरी उताऱ्याचा आकडा बघणाऱ्याला कडबा दिसत नाही. बाईमाणसाला आणि बैलाला दिसतो. आपल्या बोलीत त्या शब्दाचं काय झालं बघा: दिसायला टंच पण आतून पोकळ अशा कशालाही लोक 'हायब्रीड' म्हणायला लागले, नव्या पोरांनासुद्धा. हरितक्रांतीवरची गावाची समीक्षा त्या एका शब्दात आहे, आणि ती कुठल्याही गौरवग्रंथात छापलेली नाही.

पाण्याचं खातं त्यांच्या मंत्रिमंडळात शंकरराव चव्हाणांकडे होतं. शंकररावांना लोक हेडमास्तर म्हणायचे. पाइप नाही, मैफल नाही, फायलीतली चूक काढणारा माणूस. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं आपल्या तालुक्यात आलं. एक जण दाणा बघतोय, दुसरा धरण बघतोय, आणि दोघं एका मंत्रिमंडळात: कादंबरीकाराला याहून चांगला मसाला मिळणार नाही. तरी कुणी लिहिलं नाही. २१ फेब्रुवारी १९७५ ला नाईकांच्या जागी चव्हाणच आले.

टाउनशेंडचा मुद्दा इथंही लागू होतो. सीएसएच-१ हे देशातल्या कृषी संशोधकांच्या प्रयोगांतून आलेलं वाण. ते बांधावर नेणारे ग्रामसेवक आणि कृषी सहायक, उसनवारी करून बी घेणारा शेतकरी, यांची नावं गेली. श्रेय एका माणसावर गोळा झालं. वसंतरावांनी ते वाढवलं, प्रतिष्ठा दिली. हे काम लहान नाही, असं आम्ही मघाशी टाउनशेंडबद्दल म्हणालो, तेच इथं म्हणतो.

तिसरं काम दुष्काळ. इथं आम्ही त्यांच्या बाजूनं ठाम आहोत. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षं पाऊस दगा देत गेला, १९७२ ला तर कहर झाला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात कामावरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांधणी, खडी फोडणं. पोरांना सुकडी. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचे ढीग लागले नाहीत. ज्याँ द्रेझसारख्या अभ्यासकानं जगातल्या दुष्काळ-निवारणाच्या इतिहासात या कामाची दखल घेतली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली आणि पुढे १९७९ च्या २६ जानेवारीपासून तिचा कायदा अमलात आला. कायदा आला तेव्हा नाईक मुख्यमंत्री नव्हते, हेही नोंदवायला हवं. पण सुरुवात त्यांच्या सरकारात झाली. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, ही कल्पना इंग्रज जंटलमनच्या डोक्यात कधी आली नसती. त्याच्या गावात गरिबाला वर्कहाउस होतं, तिथं नवरा-बायकोला वेगळं ठेवायचे, म्हणजे पुन्हा मागायला येऊ नये.

आता जे सांगायचं ते सांगतो. हट्ट्यात बसून ते टाळलं तर या व्याख्यानाला अर्थ नाही.

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं. ते सुखासुखी मिळालेलं नाही. राहुरीला झालं, अकोल्याला झालं, आणि मराठवाड्याला आंदोलन करावं लागलं. २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्या विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव दिलं. आपली पोरं आज त्या कमानीखालून जातात. ठीक आहे. कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव शोभतं.

पण १९७४ साल? मराठवाडा विकास आंदोलन. १९५३ च्या नागपूर करारात शब्द दिला होता की मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च मिळेल, नोकऱ्या मिळतील. वीस वर्षं झाली आणि पोरांच्या हातात पदव्या आल्या, नोकऱ्या आल्या नाहीत. विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला पोलिसांनी गोळीबार केला. विद्यार्थी मेले. तिथून आंदोलन मराठवाडाभर पेटलं, गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं पुढे उभी राहिली. तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं? वसंतराव नाईक. कृषी दिनाच्या विशेषांकात वसमत हा शब्द शोधा. सापडला तर आम्हाला कळवा.

आम्ही हे का म्हणतो ते नीट समजून घ्या. कमानीवरचं नाव काढा, असं आम्ही म्हणत नाही. नाव राहू द्या. पण ज्या चरित्रात परभणीची कमान आहे आणि वसमतची गोळी नाही, ते चरित्र म्हणून अपुरं आहे. जसं वाडा असलेलं आणि खंड नसलेलं इंग्रजी चरित्र अपुरं असतं, तसंच. आणि हे फक्त न्यायाचं प्रकरण नाही, समजण्याचं आहे. दुष्काळात पन्नास लाख लोकांना काम देणारं सरकार वर्षभरातच पदवीधर पोरांवर बंदूक का चालवतं? भुकेलेला माणूस त्या सरकारला कळत होता. शिकलेला, हक्क मागणारा माणूस कळत नव्हता. जंटलमनची नजर अशीच असते. भुकेल्यासाठी तो कोठार उघडतो. त्याच माणसाच्या पोरानं उद्या कागद पुढे करून हिशेब मागितला, तर त्याला तो उद्धटपणा वाटतो. आमच्या मते त्यांच्या अकरा वर्षांना लावून बघण्यासारखी ही किल्ली आहे. मुंबईतल्या गोष्टी, बॅकबेचे भूखंड, कम्युनिस्ट युनियनांविरुद्ध शिवसेनेला मोकळं रान दिल्याचा आरोप आणि त्यावरून लोकांनी दिलेलं 'वसंतसेना' हे नाव, याही गोष्टींना ती लावून बघता येईल. आज तो पसारा नको.

जमिनीचं मात्र बोलावंच लागेल. १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा आला तेव्हा महसूल खातं वसंतरावांकडे होतं. बारमाही बागायत १८ एकर, आणि कोरडवाहू, भागाप्रमाणे, ६६ ते १२६ एकर. १२६ एकर ठेवून उरलेली जमीन द्यायची! आणि तीही कुटुंब कागदावर फोडून, देवाच्या नावानं करून, बैलाच्या नावानंसुद्धा केली असं लोक विनोदानं सांगतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले, मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या. मर्यादा खाली आणणारा सुधारित कायदा १९७५ च्या २ ऑक्टोबरला लागू झाला, नाईक गेल्यावर. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातल्या मंत्र्यानं मोठ्या शेतकऱ्यासाठी सैल कायदा केला, असं सरळ म्हणता येईल. आम्ही थोडं थांबून म्हणतो. ज्या समाजाला जमीन मिळून दोन पिढ्याच झाल्या, त्या घरातल्या माणसाला जमीन म्हणजे माणूसपणाचा दाखला वाटणार. ती कुणाकडून काढून घ्यायची ही कल्पना त्याला रुचणार नाही. हे समजतं. पण गावात ज्याला तो दाखला अजून मिळालाच नाही, त्या सालगड्याला, दर पाडव्याला नवं साल ठरवणाऱ्या माणसाला, याचा काय उपयोग?

आपल्या साहित्यानं आणि सिनेमानं हा माणूस कसा दाखवला, याकडे थोडं वळू. इंग्रजीत अँथनी ट्रॉलपनं सहा कादंबऱ्यांची माळ लिहिली, त्यात प्लँटॅजनेट पॅलिसर नावाचा उमराव आहे. पुढे पंतप्रधान होतो. कंटाळवाणा, प्रामाणिक माणूस. आयुष्याचं स्वप्न काय, तर नाणी दशमान करायची. (आपण ती १९५७ ला केली, इंग्लंडनं १९७१ ला. पॅलिसरला भारतात जन्म घ्यायला हवा होता.) ट्रॉलप पोस्टखात्यातला नोकर. १८६८ साली स्वतः निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. त्यामुळे त्याला सत्तेची ओढही कळते आणि तिचा फोलपणाही. तो पॅलिसरला राक्षस करत नाही, देवही करत नाही. त्याचं वैवाहिक दुःख, त्याचा संकोच, त्याला न कळणारे विनोद, सगळं दाखवतो.

मराठीत आपल्याकडे 'सामना' आहे. तेंडुलकरांची पटकथा, हिंदुराव धोंडे-पाटील, साखर कारखाना, आणि एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न. 'सिंहासन' आहे, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, त्यातला मुख्यमंत्री खुर्ची टिकवण्याच्या हिशेबात बुडालेला. गंमत म्हणजे एका सिनेमात निळू फुले सत्ताधीश आणि दुसऱ्यात तेच सत्तेला न्याहाळणारे पत्रकार. दोन्ही सिनेमे मोठे आहेत. पण त्यातला सत्ताधीश आधीच पोचलेला आहे. तो तिथं कसा पोचला, बापाचं काय ऐकून पोचला, पहिल्यांदा इंग्रजी बोलताना जीभ अडखळली का, हे नाही. आरती आणि पंचनामा, या दोनच तऱ्हा आपल्याकडे आहेत. भाषणात आरती, पडद्यावर पंचनामा. नाईकांसारख्या माणसासाठी दोन्ही तोकड्या पडतात. त्यांच्यावर पॅलिसरसारखी कादंबरी लिहायला ट्रॉलपच लागतो असं नाही. तांड्यावर जन्मलेली, गोरमाटी बोलणारी, आणि परभणीला शिकलेली एखादी पोरगी ती लिहू शकेल. तिला पाइपचाही अर्थ कळेल आणि गोळीचाही.

अशा लेखनाला साहित्य कुठून आणायचं, असं कुणी विचारेल. मंत्रालयातले कागद आहेत, विधिमंडळातल्या चर्चा छापील आहेत, समितीचा अहवाल आहे. पण निम्मं साहित्य इथंच आहे. १९७२ ला खडी फोडायला गेलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना मस्टरवर नाव कसं लागलं, हप्त्याला हातात किती पडले, मुकादम काय बोलायचा, सुकडीची चव कशी होती, हे त्यांना आठवतं. १९७४ ला वसमतच्या मोर्चात असलेले लोकही आहेत. पहिल्यांदा हायब्रीड कुणी पेरलं आणि शेजाऱ्यानं काय म्हटलं, हेही कुणाला तरी आठवत असेल. वसंतराव १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला गेले, त्यांना विचारता येत नाही. यांना येतं, अजून काही वर्षं. मोबाइलवर आवाज भरून ठेवायला पैसे लागत नाहीत. शाळेतल्या मुलांनी केलं तरी चालेल, फक्त नाव, गाव आणि तारीख नीट लिहा, आणि बोलणाऱ्याची भाषा सुधारू नका.

आम्ही इथं थांबतो. खाली बसलेल्यांपैकी दुष्काळी कामावर गेलेलं कुणी असेल तर प्रश्नांच्या आधी त्यांनी बोलावं.